पाठवला, पण पोचला नाही

माधुरी जामखेडकडची. माहेरी उन्हाळाभर टँकरचं पाणी. वाहती नदी दारात आली ती लग्न होऊन कोपरगाव तालुक्यात आल्यावर. गोदावरीची तिला धास्तीच होती. पोहता येत नव्हतं, आणि नवऱ्याची, प्रशांतची, मोटर ऐन नदीपात्रात बसवलेली.

कोपरगावातल्या एका छोट्या कंपनीत ती नोकरीला होती. वरच्या धरणातून पाणी सुटलं की नदीकाठच्या गावांना मोबाईलवर इशारा जावा, असं ॲप त्यांनी केलं होतं. ऑफिसातला सर्व्हर आणि गावागावांतले फोन सतत एकमेकांना जोडलेले असत. या जोडणीलाच सॉकेट म्हणतात. त्या पावसाळ्यात सर्व्हरवर सारखं दिसू लागलं, ‘सॉकेट डिसकनेक्ट’, म्हणजे जोडणी तुटली. थोड्या वेळानं फोन आपोआप परत जोडला जाई.

“टॉवरचा घोळ असेल,” तिचे साहेब सुनील म्हणाले. माधुरीनंही ते सोडून दिलं.

एका दुपारी पाणी सुटल्याची खबर आली. तिनं संदेश सोडला. प्रत्येक गावापुढं ‘पाठवला’ उमटलं, पण ‘पोचला’ मोजक्याच ठिकाणी. मग लाल ओळी येऊ लागल्या. डिसकनेक्ट, डिसकनेक्ट. त्यात तिचंही गाव होतं.

सकाळीच प्रशांत म्हणाला होता, मोटरीत गाळ अडकलाय, जेवण करून उतरतो.

“सर, संदेश पोचलाच नाही! गावागावात फोन लावा!” ती ओरडली आणि प्रशांतचा नंबर फिरवला. नुसती रिंग वाजत राहिली. मग तिनं सासूला, विमलबाईंना, फोन लावला.

“आई, पाणी सुटलंय! हे कुठंयत?”

“नदीत गेलाय की गं!”

विमलबाई फोन चालू ठेवूनच पळाल्या. माधुरीला त्यांची धाप ऐकू येत होती, चपलांचा फटफटाट, मग हाक. “परशा! वर ये रं! पानी आलं!” पुढं नुसता वारा. शेजारी सुनील गावागावांना ओरडून सांगत होते, पण तिच्या कानात फक्त तो वारा होता.

“आला गं माये,” विमलबाई रडतच म्हणाल्या. “मोटर गेली. लई जोरात पानी हाय.”

माधुरीनं फोन ठेवला आणि उरलेल्या गावांचे नंबर लावायला घेतले.

नंतर तिनं सगळ्या नोंदी चाळल्या. बराच वेळ गप्प राहिलेली जोडणी मोबाईलचं नेटवर्क मधेच तोडून टाकत होतं. ‘मी आहे’ असा फोनचा निरोप फार उशिरानं येई, तोवर सर्व्हर मेलेल्या जोडणीलाच जिवंत समजे. संदेश अशा जोडणीवर टाकला की वाया जाई, आणि फोन परत जोडला गेला तरी तो पुन्हा पाठवला जात नसे. तिनं निरोपांमधलं अंतर कमी केलं. पोचल्याचं कळेपर्यंत संदेश राखून ठेवायचा, पुन्हा पाठवायचा, तरी उत्तर नाही आलं तर माणसानं फोन करायचा, असं ठरवून टाकलं.

पुढच्या वेळी सगळ्या गावांपुढं ‘पोचला’ उमटलं. तरी तिनं प्रशांतला फोन केलाच.

“आला तुझा संदेश,” तो म्हणाला. “वाजला की आदी पाय लटपटत्यात, मग वाचतो.”

“लटपटू द्या,” ती म्हणाली. “पण काठावर थांबू नका. घरी जा.”