निशाणासमोरची गुलालाची पुडी

"आज काही मोडलं, तर उद्यापासून शाळांच्या सहली बंद," दादासाहेब म्हणाले. तेवढ्यात म्हसवडच्या शाळेची एस.टी. फाटकात वळली.

दादासाहेब आमच्या संस्थेचे कार्यवाह. संस्थेचं साताऱ्यात एक छोटं संग्रहालय होतं आणि मी तिथली अभिरक्षक. अभिरक्षक म्हणजे वस्तू सांभाळणारी, नोंदवणारी आणि लोकांना त्यांच्यापासून लांब ठेवणारी. सत्तरच्या दशकात हे शेवटचं कामच मुख्य समजलं जाई. भिंतीभिंतीवर पाटी होती : 'हात लावू नये.' गुरुजी मुलांना रांगेत आत नेत आणि रांगेतच बाहेर काढत.

आधीच्या एका सहलीत ढकलाढकली होऊन निशाणाच्या कपाटाची काच फुटली होती. निशाण म्हणजे फौजेपुढे चालणारा झेंडा. रेशीम इतकं विरलेलं की ते हलवायचीही भीती. नवी काच दादासाहेबांच्या मंजुरीसाठी अडली होती. तोवर निशाण उघडंच होतं.

"चपला भायेर काढा रं," कदम गुरुजींनी पोरांना दटावलं. मग मला म्हणाले, "बाई, काळजी नगं. दर्शनाला आल्यागत चालतील बघा."

तशीच चालली. अनवाणी, हात जोडून. जोडलेले हात कशालाही लागत नाहीत. मनातल्या यादीवर मी खूण केली : शस्त्रदालन, ठीक.

दुसऱ्या दालनात हातात तलवार घेतलेली भैरवाची काळ्या पाषाणाची मूर्ती होती. तिच्या शेजारीच निशाण. चौथीतली एक मुलगी रांगेतून पुढे आली. तिनं परकराच्या ओच्यातून पुडी काढली आणि मूठ भरून घेतली. गुलाल.

कोरडा गुलाल रेशमात शिरला की निघत नाही. धुवायला जावं तर रेशीमच जातं.

"ए मुली, हात लावू नको," दादासाहेब ओरडले.

"हात न्हाई लावत जी," ती म्हणाली. "लांबनंच उधळतीया." आणि तिनं मूठ वर नेली.

पाटीच्या हिशेबानं तिचं बरोबर होतं. ओरडावं तर ती दचकणार, हात धरावा तर मूठ सुटणार. मी तिच्या आणि निशाणाच्या मध्ये उकिडवी बसले.

"नाव काय गं तुझं?"

"सुली."

"सुले, म्हसवडच्या जत्रेत सिद्धनाथावर गुलाल कधी उधळतात?"

"रथ निघाल्यावर."

"मग इथं रथ निघालाय?"

ती इकडेतिकडे बघू लागली. मागून एक पोरगा म्हणाला, "रथ मावल का गं ह्या दारातनं?" पोरं हसली. सुलीची मूठ मात्र खाली येईना.

"आय म्हनली, तलवारीचा देव दिसंल त्याच्या पायाला हात लावून ये. दादा मिल्ट्रीत हाय," ती म्हणाली. "हितं पाटी हाय, हात लावू नये. मग काय करू?"

मी दादासाहेबांकडे पाहिलं नाही.

"गुलाल पुडीत ठेव. हात पूस. आणि लाव पायाला हात."

"बाई," दादासाहेब म्हणाले.

"पाषाण आहे, दादासाहेब. देवळात होता तेव्हा लोक रोज हातच लावत होते."

सुलीनं मूठ पुडीत रिकामी केली, तळवा परकराला घासला आणि भैरवाच्या दोन्ही पायांवर हात ठेवला. कितीतरी वेळ. मग सगळा वर्ग एकेक करून पुढे आला. निशाणाकडे कुणी बोटसुद्धा केलं नाही. दादासाहेब दाराशी उभे राहून शेवटच्या पोरापर्यंत बघत होते. गुरुजींनी "चला रं" म्हटलं, तेव्हा मला श्वास सोडता आला.

"काच उद्या बसवून घ्या," जाताना दादासाहेब एवढंच म्हणाले. बंदीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या महिन्यात भैरव फाटकाजवळच्या पडवीत आणला आणि वर पाटी लावली : 'इथे हात लावा.' पुढं मी सांगलीच्या संग्रहालयात गेले. तिथंही विश्रामबागेतल्या शाळांसाठी पहिलं काम हेच केलं. पडवीत एक बाक ठेवला. त्यावर जातं, माप, घोड्याचा नाल. मुलांना आधी तिथं हवं तेवढं हाताळू द्यायचं, मग आत सोडायचं. आता मोठ्या संग्रहालयांत यासाठी वेगळी दालनं असतात. चांगलं आहे.

पाटी लिहिताना मात्र एवढं बघावं, की हात न लावताही काय काय करता येतं. आणि फुटलेली काच त्याच आठवड्यात बसवावी.