तोफखान्याची सुटलेली तुकडी

२००५ साली अमेरिकेतल्या श्रूजबरीत आम्ही दोघी मराठी मुली एका वृद्ध इंग्रज बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. मला नावाने हाक मार, असं बाई सांगायच्या. ते जमायचं नाही, काकू म्हणणंही विचित्र वाटायचं, म्हणून मी हाकच मारत नसे. जिन्यावर जरा पाय वाजवायचे.

त्यांचा भाऊ दुसऱ्या महायुद्धात परदेशी आघाडीवर मारला गेला. तो टेरिटोरियल तोफखान्यातला, म्हणजे नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी कवायत करणाऱ्यांतला. भावाच्याच गावचा, त्याच्याबरोबर भरती झालेला एक म्हातारा इंग्लंडमध्ये होता. शेवटच्या क्षणी मी त्याच्याजवळ होतो, असं त्याने बाईंना पत्राने कळवलं होतं. दर नाताळला दोघांची कार्डं जायची-यायची. पण तो सांगायचा तो रेजिमेंटचा नंबर भावाच्या नंबरशी जुळत नव्हता.

"तो खरं बोलतो का, एवढंच मला कळायला हवंय," बाई म्हणाल्या. "तू शोधशील?"

नाही म्हणणं मला कधीच जमलेलं नाही. मी लायब्ररीतून पुस्तकं आणली, एक्सेल शीट केली.

"आर्मीत पीएचडी चाललीय वाटतं!" नागपूरची रूममेट म्हणाली.

युद्धाच्या तोंडावर गावच्या रेजिमेंटच्या दोन रेजिमेंट झाल्या होत्या. जुनीचा नंबर तोच राहिला, नवीला नवा मिळाला. भाऊ नवीत होता. म्हाताऱ्याचा नंबर जुनीचा, आणि भाऊ गेला तेव्हा जुनी इंग्लंडमध्येच होती. शाळेत घोटून घेतलेल्या स्वच्छ इंग्रजीत मी बाईंना सांगितलं, की तो तिथे असणं शक्य नाही. माझी खात्री होती त्याहून ते वाक्य फार ठाम निघालं. बाईंनी मी दिलेल्या शीटच्या कागदाची घडी घातली. त्या नाताळला त्यांनी कार्ड पाठवलं नाही. त्याचं आलं, ते न उघडता फ्रिजवर पडून राहिलं.

फेब्रुवारीत पुस्तकं परत करताना एक तळटीप दिसली. युद्धाच्या मध्यावर, भाऊ जाण्याआधीच, जुनीतली एक तुकडी, तोफखान्यात तिला बॅटरी म्हणतात, माणसांसकट नवीत पाठवली होती. ती माणसं शेवटपर्यंत अभिमानाने जुनाच नंबर सांगायची. म्हाताऱ्याने त्याच्या पहिल्याच पत्रात बॅटरीचा नंबर दिला होता. हीच बॅटरी. माझ्या शीटमध्ये रेजिमेंटचे कॉलम होते, बॅटरीचा नव्हता.

मी तीन आठवडे गप्प बसले. मिडटर्म आहे, असं स्वतःला सांगत होते.

"अगं यार, सांगून टाक ना," रूममेट म्हणाली. "खाणार आहेत का त्या तुला?"

शेवटी सांगितलं. बाई उठल्या आणि त्यांनी फोन लावला. त्याच्या मुलीने उचलला असावा. बाईंनी आधी त्याची चौकशी केली, मग त्या ऐकत राहिल्या.

"गेल्या आठवड्यात गेले?" त्यांनी विचारलं.

फोन ठेवून त्यांनी फ्रिजवरचं कार्ड काढलं, फोडलं आणि माझ्यापुढे धरलं. "चष्मा सापडत नाहीये. तू वाच."

चष्मा त्यांच्या गळ्यातच अडकवलेला होता. मी वाचलं, 'तुझं कार्ड अजून आलं नाही. तब्येत बरी आहे ना?'