चिठ्ठी क्रमांक दोनशे सतरा

सोडत म्हटली की मी आधी माणसांची तोंडं पाहते, चिठ्ठ्यांकडे नंतर. ही खोड मला नवव्या वर्षी लागली.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. नाशिकच्या कडेला एक गृहयोजना होत होती. घरं चाळीस, अर्ज नऊशेच्या घरात. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते बाजारात फुलं विकायचे. पंचवटीतल्या भाड्याच्या एका खोलीत आम्ही पाचजण राहत होतो आणि अजून न मिळालेल्या घरात ओटा कुठे हवा, तेही आईने ठरवून टाकलं होतं. आमचा अर्ज दोनशे सतरावा.

सोडतीत चिठ्ठ्या लहान मुलाच्या हातून काढायची आपल्याकडे रीतच आहे. लेकराच्या मनात पाप नसतं म्हणे. सोडतीच्या दिवशी मंडपात पहिल्या रांगेत शेवंतीचा गजरा माळून बसलेली मी सोडत काढायला आलेल्या साहेबांच्या नजरेत भरले. कुणाची कोण, हे त्यांनी विचारलंच नाही. डोळ्यांवर रुमाल बांधला. रुमालातून उजेड दिसत होता, आकडे नाही. चिठ्ठ्या तर घड्या घालून दांड्याने फिरवायच्या पिंपात टाकलेल्या. हे मी आजवर शंभरदा सांगितलंय.

चौथी चिठ्ठी साहेबांनी वाचली, "दोनशे सतरा!"

आईने आनंदाने मला हाक मारली आणि तिथेच घात झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, पोरगी त्यांचीच हाय! लय हुशार!" सगळा मंडप उठला. साहेब म्हणाले, चिठ्ठी नियमाने निघालीय, घर तुमचं. पण दादा तरातरा मंचावर आले, चिठ्ठी घेतली, घडी घालून परत पिंपात टाकली आणि स्वतः दांडा फिरवला. "आम्हाला असलं घर नको," म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला अजून चीड येते. पुढच्या चिठ्ठ्या दुसऱ्या मुलाने काढल्या. आमचा आकडा पुन्हा आला नाही.

घरी जाताना दादांनी वाकून हळूच विचारलं, "खरं सांग, बघून काढलीस ना?"

लोकांचं सोडा, दादांनाही तेच वाटत होतं! मी रडले, आणि रडण्याचाही त्यांनी हवा तोच अर्थ लावला.

पुढे मी क्लासमध्ये गणित शिकवायला लागले. तोवर कोपऱ्याकोपऱ्यावर कॉम्प्युटरच्या लॉटरीची दुकानं निघाली होती. आईदादा अजून त्याच खोलीत. एक दिवस दादांनी कोरा फॉर्म पुढे केला. एकोणपन्नासातले सहा आकडे भरायचे होते.

"तूच सांग. तुझ्या हाताला बरोबर येतं."

इतक्या वर्षांनीही डोक्यात तेच! मी चिडून म्हणाले, "लिहा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा."

"चेष्टा करते काय? असं कधी येतं का?"

"कुठलेही सहा घ्या, एक कोटी चाळीस लाखांत एकदा. पिंपाला आकडा ओळखता येत नाही, दादा. कुणाची पोरगी, तेही कळत नाही."

ते फॉर्मकडे पाहत राहिले. "मग त्या दिवशी..."

"चाळीस घरं होती. कुणाचा तरी आकडा येणारच होता. आपला आला."

दादांनी फॉर्मची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मोरीत आई भांडी घासत होती. त्यांनी आवाज खाली आणला.

"म्हणजे घर आपलंच होतं."

"हो," मी म्हणाले.