रिकाम्या मैदानातली घोडागाडी

कानांना हेडफोन लावून आम्ही काही जण एका मैदानात उभे होतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इथे मोठं प्रदर्शन भरलं होतं, आणि आज त्याचे नव्याने रचलेले आवाज कानांत ऐकत तिथे फेरी मारायची होती. समोर होतं वाळकं गवत आणि रवंथ करणारी एक म्हैस.

बायकोने कालपासून अबोला धरला होता. तिच्या माहेरच्यांसमोर मी तिच्या घोरण्याची नक्कल केली, आणि ती फारच हुबेहूब वठली. तिकिटं आधीच काढलेली, म्हणून बाईसाहेब आल्या. पण चार हात लांबून चालत होत्या.

आणि कानात पडदा उघडला! डावीकडे वाफेचं इंजिन फुत्कारलं, उजवीकडे अत्तरवाला ओरडला, पाठीमागे बँड सुरू झाला. जोडे करकरले, बांगड्या किणकिणल्या, अख्खी गर्दी अंगाला घासून जाऊ लागली. हे आवाज रचणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार!

एवढ्यात टापा वाजल्या, घोडागाडीची चाकं खडखडत अंगावर आली. आम्ही सगळे दचकून मागे सरलो. म्हशीने मान वर करून आमच्याकडे पाहिलं.

"अहो, इकडे व्हा! तुडवतील ना!" बायकोने माझा हात धरून खेचलं.

गर्दीला आपण उगाच नावं ठेवतो. त्या प्रदर्शनातही किती रुसलेल्या जोडप्यांना गर्दीने असंच जवळ ढकललं असेल!

फेरी संपली. हेडफोन उतरले, मैदान पुन्हा रिकामं झालं.

"गेली बरं का घोडागाडी," मी हळूच म्हणालो.

"दुसरी येईल एखादी," ती म्हणाली, आणि तिने हात तसाच धरून ठेवला.