पेंटरची गाय

"भिंत काय म्हनती बघू की," असं म्हणून पेंटर एक डोळा मिटायचा आणि कुंचल्याचा दांडा पुढे धरून भिंतीसमोर उभा राहायचा. आमच्या सोलापूरच्या उन्हात भिंतीकडे इतका वेळ बघणारा दुसरा माणूस तुम्हालाही सापडायचा नाही. त्याची शिडी माझ्या सायकलच्या दुकानात असायची, म्हणून आमची ओळख.

सत्त्याहत्तरच्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांचं गाय-वासरू हे चिन्ह गावभर भिंतींवर त्यानंच रंगवलं. काय ती गाय! वासराला पाजताना तिचे डोळे असे मिटलेले, की बघणाऱ्याला गुंगी यावी. विरोधी पक्षाची माणसंसुद्धा घटकाभर थांबून बघत आणि मग लाजून पुढे जात.

आणि पेंटरचा एकुलता एक मुलगा त्याच सरकारच्या तुरुंगात होता. आणीबाणीत कॉलेजात पत्रकं वाटली म्हणून उचलून पुण्याला नेलेला. सरकार पडलं तरच तो सुटेल, एवढीच पेंटरला आशा.

"मग गाय वाईट रंगवा की, पेंटर," मी एकदा म्हणालो.

तो दुखावलाच. "गाईनं काय केलंय, मालक? पाजतीय बिचारी. चांगलीच निघाय पायजे. अन् पडली बी पायजे."

ते दिवस आठवायला बसलं, की उन्हात डोळे मिटल्यावर दिसतं तसं सगळं तांबूस दिसतं. मतमोजणी झाली आणि आमच्या गावात गायच निवडून आली. मिरवणुकीतल्या कुणीतरी पेंटरच्या तोंडाला गुलाल फासला. "तुमच्या हातानं जिंकलो, पेंटर!" तो तसाच माझ्या दुकानाच्या पायरीवर बसला.

"लई चांगली निघाली हो मालक," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रेडिओनं सांगितलं, दिल्लीत सरकार पडलं. पेंटरला खरंच वाटेना.

"दिल्लीत? तितं कुनी रंगिवली हुती?"

मला हसू आलं आणि डोळेही भरले.

निकालानंतर भिंती पांढऱ्या करायचं कामही रंगवणाऱ्याकडेच असे. चार दिवसांनी एका दुपारी तो माझ्या दुकानासमोरच्या भिंतीवर, शिडीवर चढून गाईला चुना मारत होता. रस्ता सुस्त पडलेला. एक हडकुळा, दाढी वाढलेला पोरगा आला. मी ओळखलं, तोंड उघडलं, तर त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि शिडी धरली.

वर बघतच पेंटरनं हात खाली केला. "मालक, बादली द्या की जरा."

पोरानं बादली वर दिली. पेंटरनं खाली बघितलं, आणि बादलीबरोबर तो हातही धरला. चुना दोघांच्या कोपरापर्यंत ओघळत होता, खाली सांडत होता, आणि पेंटर काही हात सोडत नव्हता.