ज्यांनी आपलं नाव परत मागितलं

भास्करराव सरांशी माझी पहिली ओळख समोरासमोर झाली नाही. संगणकाच्या मुळाशी असलेलं कर्नेल जगभरचे लोक मिळून लिहितात. त्यासाठी मी पुण्याहून थोडा कोड पाठवला होता. सरांनी तो तपासून दर चार ओळींमागे एक शंका काढली. इंग्रजी इतकं काटेकोर, की गृहस्थ परदेशातले असावेत असं मला वाटलं. पुढे एकदा माझ्या गावी, जालना जिल्ह्यातल्या वडीगोद्रीला, वीज गेल्यामुळे उत्तराला उशीर झाल्याचं मी कळवलं. तेव्हा त्यांच्या ईमेलच्या शेवटी मराठीत एक ओळ आली, “मी नवीन जालना भागात राहतो. आलात तर चहाला या.” मी गेलो नाही. कामाचं निमित्त मला कायम पुरायचं.

सर तिथल्या एका बियाणे कंपनीत संगणक सांभाळतात आणि घरी आल्यावर इतरांचा कोड वाचतात. आमचा विषय मोठा किचकट आहे. एका संगणकावर अनेक कामं एकदम चालतात. कोणतं काम मेमरीतून किती वेगाने माहिती ओढतं, हे मोजणारे काउंटर चिपमध्येच असतात, पण मोजकेच. एका मोडमध्ये चिप ते स्वतःच्या मर्जीने वाटते आणि गुपचूप काढूनही घेते. दुसऱ्यात आपण ते नेमून देतो. या अदलाबदलीचा कोड मन लावून वाचणारे फार थोडे आहेत.

कोड पटला की तपासणाऱ्याने त्याखाली आपलं नाव द्यायचं, असा या कामातला रिवाज आहे. माझ्या पाचव्या आवृत्तीला सरांनी नाव दिलं. मी हुरळून गेलो. सहाव्या आवृत्तीत मोड बदलण्याचा भाग नव्याने लिहिला आणि खाली सरांचं नाव तसंच ठेवलं. त्या भागात आधीच्या मोडमधला जुना आकडा पुसायचा राहून गेला होता, त्यामुळे पहिलंच मोजमाप भलतं यायचं. सरांनी सगळ्यांना जाणाऱ्या ईमेलमध्ये लिहिलं, “हे मी वाचलेलं नाही. कृपया माझं नाव काढावं.” मला ते फार झोंबलं. चूक माझी, आणि रुसलोही मीच. वर्षभर मी त्यांना एक अक्षर लिहिलं नाही.

शेवटी माझीच मला लाज वाटली आणि मी जालना गाठलं. जिन्यात घरमालक पारसशेठ भेटले. “सरांकडं आले का? अच्छा झालं! वहिनी गेल्यापासून इथं कोणी आल्तंच न्हाई. दिवसदिवस आवाज येत न्हाई वरून.”

सरांनी दार उघडलं. मी नाव सांगितलं, तेव्हा त्यांनी मला आत घेतलं. मग चहा ठेवला. दुसरा कप शोधायला त्यांना बराच वेळ लागला.

मी माफी मागू लागलो. ते म्हणाले, “नावाचं मी बराबरच केलं. आजबी तेच करीन. पण तू लिहिणंच बंद करशील, असं वाटलं न्हाई. रोज ईमेल उघडून बघून राह्यल्तो.”

ज्यांचा मला धाक वाटायचा, त्यांचा सगळा गोतावळा म्हणजे आम्हा पाच-सहा जणांची पत्रं होती, आणि त्यातलं एक मी फुगून बंद केलं होतं. सरांनी मात्र त्याच दुपारी तो भाग माझ्यासोबत ओळीने वाचला, दुरुस्ती चालवून पाहिली आणि मगच नाव दिलं.

आता सर साठीचे होत आहेत आणि कंपनीतून निवृत्तही होत आहेत. या गौरवग्रंथात लिहिणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांना पाहिलेलंही नाही. सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, असं मी अगदी मनापासून म्हणतो. पण असं आयुष्य एकट्याने काढायला किती लांब असतं, ते मी त्या घरात पाहिलं आहे. म्हणून सर, या रविवारी मी येतोय. तपासायला काही आणत नाही.