चार बोटं गवत

माझ्या धाकट्या दिरांना सगळे 'चार बोटं' म्हणतात. गुरं पाळणाऱ्यांच्या सोसायटीचं कुरण एकतीस वर्षं त्यांनी राखलं. कुरणाचे सहा तुकडे, प्रत्येकाला कुंपण आणि फाटक. गुरं एका तुकड्यात सोडायची आणि गवत चार बोटांवर आलं की दुसऱ्यात हाकायची. जमिनीला हात टेकवून ते स्वतः मोजायचे. "याच्या खाली तोंड गेलं की गवताचा जीव जातो," म्हणायचे. सहावा तुकडा मात्र बी पिकून झडेपर्यंत कुलपात. तेच बी गोळा करून ते बाकीच्या पाचांत फेकायचे, त्यावर अख्खं कुरण जगायचं.

भाऊजी आमच्याकडेच राहतात. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. संध्याकाळी पायरीवर बसून कपड्यांत अडकलेलं गवताचं बी वेचायचे आणि एका डब्यात जपून ठेवायचे. मी देवापुढे, ते डब्यापुढे. आमचे हे चेष्टा करायचे, "घरात भक्त दोन, देव निराळे."

मागल्या वर्षी पावसानं डोळे वटारले. पाचही तुकडे चार बोटांवर आले. मग एका दुपारी दूधवाली आणि मेंढीवाला आमच्या दारात.

"सहावा उघडा," दूधवाली म्हणाली. "माझ्या गाईच्या बरगड्या मोजून घ्या, बोटं पुरायची नाहीत तुमची."

"बी धरायचंय अजून. दहा दिवस थांबा."

"गवताशी लग्न लावलंय का हो तुम्ही?" मेंढीवाला म्हणाला. "तुमच्या दहा दिवसांत माझी मेंढरं आडवी होतील."

भाऊजी ढिम्म हलले नाहीत. मी चहा घेऊन बाहेर आले होते. न राहवून बोलले, "भाऊजी, मुक्या जिवांचा तळतळाट घेऊ नका. देवानं गवत काय कुलपात ठेवायला दिलंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्हीसुद्धा?"

चहा तसाच ठेवून त्यांनी खिशातून किल्ली काढली. "आठ दिवस. चार बोटांवर आलं की बाहेर." दोघांनी माना डोलावल्या. त्या दिवशी मी वहीत लिहिलं, 'आज देवानं माझ्याकडून पुण्य करून घेतलं.'

आठ दिवसांनी गुरं बाहेर काढायला कोणी आलं नाही. भाऊजी एका फाटकातून हाकायचे, लोक कुंपण वाकवून पलीकडून आत घालायचे. गाईंनी खाल्लं, उरलेलं मेंढरांनी जमिनीलगत कुरतडलं. अकराव्या दिवशी भाऊजी घरी आले ते मुळासकट उपटलेला गवताचा ठोंब हातात घेऊन. उंबऱ्यापाशी ठेवला. माती वाळून भुगा झाली होती.

"बी धरलंच नाही," एवढंच म्हणाले.

महिन्याभरानं पाऊस आला. डब्यातलं सगळं बी त्यांनी सहाव्या तुकड्यात फेकलं, पण एवढ्या जमिनीला ओंजळभर बी म्हणजे दर्यामें खसखस. उगवलं ते गाजरगवत. गुरं तोंड लावत नाहीत असलं. भाऊजी एकटे उपटत राहिले. हात सुजले, कोपरापर्यंत पुरळ उठला, घास तोंडाशी नेता येईना. मी कालवून द्यायचे. ते इकडे उपटायचे आणि तिकडे ते फुलायचं. वर्षभरात सहाही तुकडे त्यानं गिळले.

दूधवालीनं तिन्ही गाई विकल्या. आमच्याच पायरीवर बसून रडली. मेंढीवाला कळप घेऊन कुठे गेला कुणास ठाऊक. कुरणच नाही तर राखण कशाची, म्हणून सोसायटीनं भाऊजींकडून किल्ल्या मागून घेतल्या.

'वहिनी, तुमच्यामुळे झालं,' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला देवापुढे बसता आलं असतं. आता हात जोडते आणि मागायला तोंड उघडत नाही. वहीतली ती ओळ खोडायला घेतली होती, खोडली नाही. खोडून कुणाला फसवू?

काल दवाखान्यातून येताना आम्ही दोघं कुंपणाकडेनं चालत होतो. आत कमरेएवढं वाढलंय, पांढऱ्या फुलांनी डवरलंय. सायकलवरचा एक वाटसरू थांबून म्हणाला, "काय हिरवंगार केलंय हो कुरण! नाहीतर आमच्याकडे बघा, काडी नाही."

"हो," भाऊजी म्हणाले. "झालंय खरं."

तो गेल्यावर सवयीनं ते खाली वाकले, तारेखालून हात घातला, बोटं जुळवली. मग हात तसाच मागे घेतला आणि सदऱ्याला पुसला.